परदेशातली कमाई, गावातले खाते आणि बोटांचे ठसे

घोडेगावचे नाव निघाले की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक जनावरांचा बाजार आणि दुसरी कांद्याचे लिलाव. नगरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे नेवासा तालुक्यातले गाव. कांद्याला भाव असला की आमच्या कापडाच्या दुकानातही गर्दी होते आणि भाव पडला की कापडाचे तागे कपाटातच राहतात. हा हिशेब जुना आहे. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यात आणखी एक रक्कम येऊन मिळाली आहे. ती म्हणजे परदेशातून येणारा पैसा. कुणाचा मुलगा रियाधला वेल्डर, कुणाचा जावई दोह्यात ड्रायव्हर, कुणाचा भाऊ दुबईत प्लंबर. लग्नाचा बस्ता, ईदचे कपडे, घराचे छप्पर, बहिणीचे शिक्षण, असे कितीतरी खर्च या पैशावर उभे राहतात.

हा पैसा आता बहुतेक बँकेतून येतो आणि ही गोष्ट चांगली आहे. अडचण वेगळीच आहे. पैसा समुद्र ओलांडून क्षणात येतो, पण ज्याच्या नावाचे खाते आहे त्या माणसाची ओळख पटवायची वेळ आली की सगळे अडते. बँक म्हणते, खातेदाराला घेऊन या. खातेदार तर आखातात आहे. त्याची सही त्याची आई करू शकत नाही आणि त्याचा अंगठा बाप देऊ शकत नाही.

हा प्रश्न एकट्या आमच्या गावाचा नाही. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठविले. इतकी रक्कम जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशात आली नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये देशात आलेल्या अशा रकमेपैकी सर्वात मोठा, म्हणजे सुमारे २०.५ टक्के, वाटा महाराष्ट्राचा होता. केरळचा वाटा त्याखालोखाल १९.७ टक्के. यातला पुष्कळसा पैसा मुंबई-पुण्यासारख्या शहरांतला आहे हे खरे. तरी आखाती देशांतून देशात आलेला भाग सुमारे ३८ टक्के होता आणि त्यात हाताने काम करणाऱ्या माणसाचा घाम आहे, हे विसरता येणार नाही.

ओळख बोटांवर आली

पूर्वी बँकेत ओळख म्हणजे सहीचा नमुना आणि ओळख देणारा एखादा जुना खातेदार. गावात सगळे सगळ्यांना ओळखत. मग 'आपला ग्राहक ओळखा' हा नियम आला, ज्याला सर्वजण केवायसी म्हणतात. त्यानंतर आधार आले. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा, चेहऱ्याचा फोटो आणि बारा आकडी क्रमांक. पुढे २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाली आणि ज्यांनी बँकेची पायरी कधी चढली नव्हती अशा लाखो लोकांची खाती उघडली.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ही ओळख मधूनमधून ताजी करावी लागते. कमी जोखमीच्या खातेदाराची दहा वर्षांतून एकदा, मध्यम जोखमीच्या खातेदाराची आठ वर्षांतून आणि जास्त जोखमीच्या खातेदाराची दोन वर्षांतून. सुरुवातीला उघडलेल्या जनधन खात्यांची दहा वर्षे २०२४-२५ च्या सुमारास भरली. म्हणून सरकारने १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात ग्रामपंचायतींच्या पातळीवर बँकांची शिबिरे घेतली. काम योग्यच होते. पण शिबिर गावात आणि खातेदार सौदीत, तर त्या शिबिराचा त्याला उपयोग काय?

सुट्टीचे चाळीस दिवस

आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलाची हकीकत सांगण्यासारखी आहे. मुलगा सौदीत वेल्डिंगचे काम करतो. त्याचे खाते परदेशी जाण्याआधीचे, साधे बचत खाते. बहिणीचे लग्न ठरले, बस्ता बांधायचा होता, आणि नेमक्या त्याच वेळी केवायसीची मुदत टळल्यामुळे खात्यातून पैसे काढणे बंद झाले. जमा होत होते, निघत नव्हते. मुलगा चाळीस दिवसांच्या सुट्टीवर आला. शाखेत गेला तर आधारवरून ओळख पटवायला सांगितले. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक कधीचाच बंद पडून दुसऱ्याला दिला गेलेला. म्हणजे सांकेतिक क्रमांक येणार तो परक्याच्या फोनवर. मग बोटांचे ठसे घेऊ म्हणाले. वर्षानुवर्षे तापलेले लोखंड हाताळून त्याच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या. यंत्र दर वेळी नकार देई. शेवटी आधार केंद्रात जाऊन ठसे, बुबुळ आणि मोबाइल क्रमांक सर्व नव्याने नोंदविले आणि मग खाते खुले झाले. सुट्टीतले अकरा दिवस रांगेत गेले. बस्ता उधारीवर बांधला गेला. ती उधारी वेळेवर फिटली, पण फिटली नसती तर बुडणार होता तो दुकानदार. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर मांडावासा वाटला.

यात बँकेतल्या कारकुनाचा दोष काढून भागणार नाही. तो नियमाने बांधलेला असतो. दोष असा आहे की नियम करताना खातेदार गावातच आहे असे धरून चालले गेले.

समज-गैरसमज

या बाबतीत लोकांत बरेच गैरसमज आहेत. काही नियम नीट समजून घेतले तर निम्मी तसदी वाचते.

पहिली गोष्ट. नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरतो. त्याने आपले साधे बचत खाते तसेच चालू ठेवायचे नसते. बँकेला कळवून ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावयाचे असते. परदेशातल्या कमाईसाठी एनआरई खाते वेगळे उघडता येते. एनआरई खात्यातला पैसा मुद्दल व व्याजासह पुन्हा परदेशी नेता येतो आणि अनिवासी असेपर्यंत त्याच्या व्याजावर येथे प्राप्तिकर नाही. गावातले भाडे, शेतीचे उत्पन्न वगैरे येथली आवक एनआरओ खात्यात येते. त्याच्या व्याजावर कर कापला जातो. एनआरई खात्यात जवळच्या निवासी नातेवाइकाला 'पहिला किंवा हयात' या पद्धतीने जोडता येते, आणि मुखत्यारपत्र दिले तर घरखर्चासाठी येथले व्यवहार तो नातेवाईक करू शकतो. हे आधीच केले तर आईला पैशासाठी मुलाच्या सुट्टीची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी गोष्ट. अनिवासी भारतीयाला आधार काढणे सक्तीचे नाही. बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात रद्द ठरविली. अनिवासी खातेदाराची ओळख पासपोर्ट, व्हिसा आणि पत्त्याच्या कागदांवर होऊ शकते. या कागदांच्या प्रती परदेशातच साक्षांकित करून घेता येतात. भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, तेथील नोटरी, न्यायदंडाधिकारी, न्यायाधीश, भारतीय बँकेच्या तेथील शाखेचे अधिकृत अधिकारी, तसेच आपल्या बँकेशी संबंध असलेल्या परदेशी बँकेची शाखा, या सर्वांची साक्ष रिझर्व्ह बँकेच्या नियमात चालते. माहितीत काही बदल नसेल तर तसे स्वतःचे निवेदन बँकेकडे नोंदविलेल्या ईमेलवरून किंवा पत्राने देता येते. आमच्या भागातल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? फार थोड्यांना.

तिसरी गोष्ट. आधार हवेच असेल तर मिळते. पूर्वी त्यासाठी वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेले असणे जरूर होते. २०१९ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियम आला की भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाला ही अट नाही. तो आल्याबरोबर अर्ज करू शकतो. पासपोर्ट आणि ईमेल मात्र लागतातच. परंतु ठसे द्यायला त्याने भारतातल्याच केंद्रात आले पाहिजे.

चौथी गोष्ट. घरबसल्या व्हिडिओवर ओळख पटविण्याची सोय रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये दिली. ती चांगली आहे, पण त्यात खातेदार त्या क्षणी भारतात हजर आहे याची खात्री बँकेला करावी लागते. म्हणजे ज्याला या सोयीची सर्वात जास्त गरज, त्यालाच ती आखातातून वापरता येत नाही.

नायजेरियाने काय केले?

आता थोडे दूर पाहू. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला नायजेरिया अगदी परका नाही. तेथील कालाबारी लोक आपल्याकडचे चौकड्यांचे मद्रासी कापड पिढ्यान्पिढ्या मानाने वापरतात आणि त्याला इंजिरी म्हणतात. या देशाचीही पुष्कळ माणसे ब्रिटन, अमेरिका, कॅनडा आणि आखातात कामाला आहेत आणि घरच्यांना पैसे पाठवितात.

नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने १४ फेब्रुवारी २०१४ रोजी बँक पडताळणी क्रमांकाची योजना सुरू केली. दहा बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन प्रत्येक खातेदाराला अकरा आकडी क्रमांक द्यायचा. एका माणसाची कितीही बँकांत खाती असली तरी सर्व खाती त्या एका क्रमांकाला जोडायची. आपल्या आधारचा आणि या क्रमांकाचा फरक असा की तो फक्त बँकांसाठी आहे. आजवर सहा कोटींहून अधिक लोकांची नोंद त्यात झाली आहे.

परदेशी असलेल्यांची पंचाईत तेथेही आपल्यासारखीच झाली. मायदेशी खाते, पण ठसे दिलेले नाहीत. मग परदेशातल्या मोठ्या शहरांत नोंदणीची केंद्रे उघडण्यात आली. तेथे जाऊन ठसे द्यायचे, पावती घ्यायची आणि क्रमांक आला की आपल्या बँकेला कळवायचा. लंडनमधल्या माणसाला हे जमले. पण ज्याच्या शहरात केंद्र नाही त्याला दिवसभराचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि भाडे आलेच.

म्हणून २०२५ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. वर्षाच्या सुरुवातीला अनिवासी नायजेरियनांसाठी वेगळी खाती सुरू झाली, आपल्या एनआरओसारखीच. त्यानंतर १३ मे २०२५ रोजी अबुजा येथे मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर ओलायेमी कार्डोसो यांनी अनिवासींसाठी पडताळणी क्रमांकाची नवी व्यवस्था जाहीर केली. आता मायदेशी न येता, जेथे असाल तेथून संगणकावर किंवा फोनवर कागदपत्रे देऊन आणि ओळख पटवून हा क्रमांक मिळविता येतो. त्यासाठी ५० डॉलर शुल्क ठेवले आहे. हे शुल्क मजुराला जड आहे, यात शंका नाही. तरीही त्यांच्या मध्यवर्ती बँकेने एक गोष्ट मान्य केली, ती महत्त्वाची आहे. पैसा बाहेरून यावा असे वाटत असेल तर ओळखीचे दारही बाहेरच्या माणसासाठी उघडले पाहिजे.

आपल्याला हे जमणार नाही का?

जमण्यासारखे आहे. आपल्या दूतावासांनी पासपोर्टच्या अर्जांसाठी आखाती देशांत खाजगी कंपन्यांची केंद्रे नेमलेली आहेत. आपली मुले पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी तेथे जातातच. त्याच खिडकीवर ठसे व बुबुळ घेण्याचे यंत्र ठेवले तर आधारची नोंद किंवा दुरुस्ती तेथेच होईल. वेगळी इमारत नको, वेगळी रांग नको.

मोबाइलच्या बाबतीतही असेच आहे. २०२३ च्या जानेवारीत भारतीय राष्ट्रीय भरणा महामंडळाने सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कतार आणि ओमानसह दहा देशांच्या मोबाइल क्रमांकांवर एनआरई व एनआरओ खात्यांसाठी यूपीआय चालविण्यास परवानगी दिली. म्हणजे पैसे देण्या-घेण्यासाठी सौदीचा क्रमांक चालतो. आधारचा संदेश मात्र परदेशी क्रमांकावर येत नाही. एका हाताने दिलेली सोय दुसऱ्या हाताने का अडवायची? व्हिडिओवरची ओळखही निदान जुन्या खातेदारांच्या नूतनीकरणासाठी परदेशातून मान्य करावी. फसवणुकीची भीती खरी आहे, पण आखातातल्या मजुराचा व्हिसा, पासपोर्ट आणि तेथील ओळखपत्र तिन्ही तपासता येतात. उलट बँकेचे दार बंद दिसले की माणूस हुंडीवाल्याकडे वळतो. मग पावती नाही, कायद्याचे संरक्षण नाही, आणि रक्कम बुडाली तर दाद मागायला जागा नाही.

तोवर काय करावे?

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपण आपल्या घरची व्यवस्था नीट ठेवली पाहिजे. सुट्टीचे दिवस मोजके असतात, म्हणून कामे क्रमाने करावीत.

परदेशी जाण्यापूर्वीच बँकेला कळवून खाते बदलून घ्यावे आणि वारसाचे नाव नोंदवावे. भारतातले सिमकार्ड चालू ठेवावे. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर ते बंद होऊ शकते आणि पुढे दुसऱ्याला दिले जाते. घरच्यांनी लहानसे रिचार्ज करीत राहणे हा सर्वात स्वस्त विमा आहे.

नावाचे स्पेलिंग सर्व कागदांवर एकच करावे. आमच्या समाजात ही अडचण मोठी आहे. उर्दू शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे तोडून लिहिलेले. शेख कुठे नावाआधी, कुठे नावानंतर. सय्यदची तर किती रूपे! शिवाय शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख टाकलेली आणि पासपोर्टवर वेगळीच. उर्दूत हे सारे एकच वाचले जाते, पण संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी माणसे ठरतात. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून घाईने दुरुस्ती करू नये. पासपोर्ट समोर ठेवून, त्याप्रमाणेच करावी.

सुट्टीवर येण्यापूर्वी आधार केंद्राची वेळ ठरवून ठेवावी आणि हे काम पहिल्या आठवड्यातच उरकावे, कारण पडताळणीला दिवस लागतात. पहिली नोंदणी विनामूल्य आहे. ठसे-बुबुळ ताजे करण्यास १२५ रुपये आणि पत्ता वगैरे बदलण्यास ७५ रुपये असे दर ऑक्टोबर २०२५ पासून आहेत. यापेक्षा जास्त कुणी मागितले तर पावती मागावी. ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांनी तसे स्पष्ट सांगून बुबुळावरून ओळख पटविण्याचा आग्रह धरावा. बोटे जुळत नसतील तर बुबुळावर नोंदणी करावी, अशा सूचना सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या आहेत.

पॅन कार्ड विसरू नये. अनिवासींना पॅन-आधार जोडणीतून सूट आहे, परंतु आपण अनिवासी आहोत हे प्राप्तिकर खात्याला कळविले नसल्याने अनेकांचे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. पासपोर्टची प्रत देऊन ते पुन्हा चालू करून घ्यावे.

घरच्यांनीही एक काळजी घ्यावी. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये बँकांना सांगितले की केवायसीची मुदत संपण्यापूर्वी तीन सूचना आणि नंतर तीन आठवणी द्याव्यात, आणि दोन्ही वेळा निदान एक सूचना पत्राने असावी. ते पत्र गावच्या पत्त्यावर येईल. ते फडताळात टाकू नये. फोटो काढून त्याच दिवशी मुलाला पाठवावा. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते आणि दहा वर्षे कुणी न विचारलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. ती परत मिळते, पण पुन्हा कागद आणि पुन्हा फेऱ्या. अशी रक्कम शोधण्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून उद्गम हे संकेतस्थळ आहे.

मदत करणाऱ्यांसाठीही दोन शब्द. गावातल्या शिकलेल्या मुलांनी, निवृत्त शिक्षकांनी आणि आम्हा दुकानदारांनी अर्ज भरून द्यावेत, वेळ ठरवून द्यावी, सोबत जावे. पण कुणाचा सांकेतिक क्रमांक विचारू नये, कागदांच्या प्रती स्वतःकडे ठेवू नयेत आणि दुसऱ्याचा अंगठा आपल्या यंत्रावर घेऊ नये. कुणाचे कागद हातात घेणे म्हणजे अमानत सांभाळणे आहे.

उन्हातान्हात कमावलेला पैसा घरी पोहोचतो, पण त्याची किल्ली कमावणाऱ्याच्या बोटांत अडकून राहते. ज्या देशाला आपल्या परदेशस्थ माणसांनी पाठविलेल्या पैशाचा अभिमान आहे, त्याने ती किल्ली रियाधला आणि दोह्यालाही फिरवता येईल अशी सोय करावी. आपल्या भागाचे खासदार, बँकांचे वरिष्ठ अधिकारी आणि आधार प्राधिकरण यांच्याकडे प्रत्येक गावातून अशी मागणी लेखी गेली पाहिजे. अर्ज लिहिण्यास कुणाला मदत लागली तर ती करणारे हात आपल्या गावातच आहेत.